झॉम्बी येणार नाहीत

धाकटी बोलायला उभी राहिली की सभागृहाला वाटायचं, ही बाई आता आपल्याला झोपवणार. आवाज बारीक, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, हातातला कागद उगाच थरथरणारा. मग ती चष्मा वर सरकवून म्हणायची, "मेलेला माणूस उठून चालायला लागला, तर तो पहिल्या कोपऱ्यावरच आडवा होईल." लोक सावरून बसायचे.

"चालायला स्नायू लागतात. स्नायूंना रक्त लागतं, आणि ते ढकलायला हृदय. मेल्यावर काही तासांत अंग फळीसारखं ताठ होतं. असल्या झॉम्बीपासून पळायची गरज नाही. बाजूला व्हा आणि त्याला पडू द्या."

एवढ्यात हशा पिकलेला असायचा. पुढे मुंगीचं चित्र यायचं. डोक्यातून बुरशीचा दांडा उगवलेली मुंगी. ही बुरशी मुंगीला झाडावर चढायला लावते, पानात जबडा रोवायला लावते आणि तिथेच तिला मारून तिच्या डोक्यातून फुटते. पण ती मुंगीपुरतीच, आपल्या अंगातली ऊब तिला मानवत नाही, असं धाकटी सांगायची. बायका तोंड वाकडं करायच्या, पोरं पुढे सरकायची. आणि मग ती शेवटचं चित्र लावायची, पिसाळलेल्या कुत्र्याचं.

"झॉम्बीला लागणारं सगळं सामान या एका विषाणूकडे आहे. लाळेतून जातो, मज्जातंतूवरून चढत चढत मेंदूत जातो, चावायला लावतो. आणि पाणी गिळू देत नाही, म्हणजे तोंडातली लाळ तोंडातच राहते."

सभागृह चिडीचूप. तेवढ्यात मागच्या रांगेतून टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस घाबरत घाबरत उठायचा. "अहो बाई, मग साथ येणार का? नाही, म्हणजे आम्ही आज झोपायचं की नाही?"

"निवांत झोपा," धाकटी म्हणायची. "माणूस ही या विषाणूसाठी बंद गल्ली आहे. आत शिरतो, पण पुढे रस्ता नाही. माणसाकडून माणसाला तो जवळपास जातच नाही. हा आजार त्या एका माणसापाशी संपतो."

टोपीवाला हुश्श करून पहिली टाळी वाजवायचा आणि मग सगळं सभागृह वाजवायचं. त्या एका माणसाचं पुढे काय होतं, हे कधी कोणी विचारलं नाही. तीही आपण होऊन सांगत नसे. कार्यक्रम तासाभराचा, आणि लोकांना हसत घरी जायचं असतं.

टोपीवाला तिचा सख्खा भाऊ होता, हे कोणाच्या गावीही नव्हतं. ही युक्तीही त्याचीच. तिच्या पहिल्या व्याख्यानाला शेवटी कोणी टाळीच वाजवली नव्हती, आणि ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली होती. दुसऱ्या व्याख्यानाला तो टोपी घालून मागे जाऊन बसला. तेव्हापासून त्याने एकही चुकवलं नाही.

दादाला सगळे नकल्या म्हणत. तो नकला करायला शिकला तोच धाकटीमुळे. लहानपणी ती जेवायची नाही. आईने हात टेकले की हा ताटासमोर बसून मांजर व्हायचा, गाढव व्हायचा, समोरच्या घरातला खोकणारा म्हातारा व्हायचा. ती हसायला तोंड उघडायची आणि तो घास आत सारायचा. मोठेपणी ती विषाणूंच्या मागे लागली, जनावरांच्या रोगांच्या सरकारी प्रयोगशाळेत चिकटली. त्या अख्ख्या प्रदेशात पिसाळलेल्या जनावराचा मेंदू तपासणारं टेबल एकच, आणि ते तिचं. दादा दूध काढायची यंत्रं दुरुस्त करत गोठ्यागोठ्यातून हिंडू लागला. त्याची बोटं लांब आणि सडपातळ, आणि तारा-पत्र्यांनी कायम कुठेतरी कापलेली.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो असाच एका गोठ्यावर गेला होता. तिथला किस्सा त्याने रविवारी जेवणाच्या टेबलावर सांगितला. सांगितला म्हणजे काय, केलाच. टेबलाशी वहिनी होती, त्यांची लेक छकुली होती आणि धाकटी होती.

"गोठेवाला म्हणतो, गाईच्या घशात काहीतरी अडकलंय. माझा हात जात नाही, तुझा जाईल." असं म्हणून दादा उठला आणि गाय झाला. मान पुढे ताणली, तोंडाचा चंबू केला, लाळ गळत असल्यासारखा खालचा ओठ लोंबू दिला. मागचे पाय एकमेकांत अडकवत तो टेबलाभोवती एक फेरी मारून आला. आणि मग हंबरला. ते नेहमीचं हंबरणं नव्हतं. बसलेल्या आवाजातलं, फाटलेलं, मधेच तुटून पुन्हा सुरू होणारं. छकुली खुर्चीवरून घसरली. वहिनीने पदराने डोळे पुसले. धाकटीची तर हसून हसून मुरकुंडी वळली.

"मग? निघालं का काही घशातून?" तिने विचारलं.

"कसलं काय! कोपरापर्यंत हात घातला. आत काही नाही. उलट माझाच हात लाळेने माखला. दोन दिवसांनी मेली बिचारी. गोठेवाल्याने मागच्या मागे पुरून टाकली."

"ते हंबरणं पुन्हा कर ना," धाकटी म्हणाली.

त्याने पुन्हा केलं. ती पुन्हा हसली.

आता कोणी म्हणेल, हिला कळू नये? जिने असल्या गाई पुस्तकात वाचल्या, असल्या गाईंची डोकी बर्फाच्या डब्यातून आलेली पाहिली, तिला? लाळ, घोगरा आवाज, लटपटणारे मागचे पाय, घशात अडकल्याचा भास. परीक्षेत विचारलं असतं तर तिने झोपेतून उठून उत्तर दिलं असतं. पण ती परीक्षेला बसली नव्हती, भावाच्या शेजारी जेवायला बसली होती. दादाने काहीही केलं की हसायचं, ही तिच्या अंगात दात यायच्या आधीपासून मुरलेली सवय. तिने गाय पाहिलीच नाही. तिने दादा पाहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आपत्ती निवारण कार्यालयाचे साहेब तिच्याकडे आले. या गृहस्थांना भोंगा वाजवायची भारी हौस, म्हणून सगळे त्यांना सायरनसाहेब म्हणत. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. पुराची रंगीत तालीम ठेवली, कुत्रं फिरकलं नाही. आगीची ठेवली, तर फक्त चहाच्या वेळेला गर्दी.

"बाई, लोकांना झॉम्बी दाखवू," ते म्हणाले. "तुमचं व्याख्यान, मग खोटीखोटी साथ. एक रुग्ण सभागृहात शिरतो, त्याला कसं आवरायचं, चावा बसला तर जखम साबणाने कशी धुवायची, लस कुठे घ्यायची. हसत हसत शिकतील. पण रुग्ण कोण करणार?"

धाकटीला विचार करावाच लागला नाही.

तिने दादाला सगळं शिकवलं. खांदे कसे आखडतात, नजर कशी भिरभिरते, घोटभर पाणी पुढे केलं की घसा कसा उसळी खातो. तो आरशासमोर तासन्‌तास उभा राहायचा. "आणि आवाज?" त्याने विचारलं. "आवाज त्या गाईचा काढ," ती म्हणाली. "त्याहून भयानक मी काही ऐकलेलं नाही."

तालीम ठरली महिना-दीड महिन्याने, आणि तिच्या आदल्या दिवशी तो जरा मरगळलेला दिसला. मनगट खाजवत होता. खाजवून खाजवून लाल केलं होतं.

"मुंग्या आल्यासारखं होतंय गं. कोपरापर्यंत चढतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"तारा ओढून ओढून शीर दुखावली असेल. अंगही गरम लागतंय. तापाची गोळी घे आणि झोप."

"उद्याचं काम भारी झालं पाहिजे, धाकटे. सायरनसाहेबांनी महापौरांना बोलावलंय."

"तुझं कधी भारी झालं नाही?" ती म्हणाली आणि कागद आवरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मोठ्या खेळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. सायरनसाहेबांचं स्वप्न खरं झालं होतं. पोरं लाकडी पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली, म्हातारी माणसं पुढे खुर्च्यांवर, भिंतींना लागून उंच दांड्याचे पंखे घुमत असलेले. दाराशी खरी रुग्णवाहिका उभी, आत खरा चालक, फक्त रुग्ण तेवढा खोटा. मेलेला माणूस आडवा झाला, मुंगीच्या डोक्यातून दांडा उगवला, कुत्र्याचं चित्र आलं. टोपीवाल्याचा प्रश्न आज नव्हता, कारण टोपीवाल्याला दारामागे उभं राहायचं होतं.

वहिनीने घाईघाईने येऊन धाकटीच्या कानात सांगितलं, "अगं, यांनी काल रात्रीपासून चहासुद्धा घेतला नाही. घसा धरलाय म्हणतात. कार्यक्रम झाला की जरा बघ त्यांच्याकडे."

"बघते," धाकटी म्हणाली. भोंगा वाजला.

दार ढकलून दादा आत आला. पाय ओढत, खांदे आखडून, केस विस्कटलेले. हंबरला. तो आवाज पायऱ्यांवरून वर चढला तशी पोरं एकमेकांना बिलगली आणि खिदळली. परिचारिकेचं काम करणारी बाई खरीच परिचारिका होती. ठरल्याप्रमाणे ती पाण्याचा पेला घेऊन पुढे झाली. ठरल्याप्रमाणे त्याने तो पाहताक्षणी उडवून द्यायचा होता. पेला प्लास्टिकचा मुद्दाम त्यासाठीच घेतला होता.

त्याने उडवला नाही. दोन्ही हातांत धरला आणि आधाशासारखा ओठांजवळ नेला.

हा माणूस तहानलेला आहे, एवढंच धाकटीच्या डोक्यात आलं. पाणी ओठाला लागायच्या आतच त्याच्या गळ्याने आत काहीतरी खेचलं. पेला पडला. पाणी परिचारिकेच्या चपलांवर सांडलं आणि खेळघर हसून दणाणलं. धाकटीही हसत होती, पण अर्धवट. पेला धरायचं तिने सांगितलं नव्हतं, मग वाटलं, दादाने स्वतःचं काहीतरी घातलं असेल, तो घालतोच.

भिजलेल्या परिचारिकेला वारा लागावा म्हणून कोणा सज्जनाने शेजारचा पंखा वळवला. वारा दादाच्या तोंडावर आला. त्याची मान मागे गेली, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ उभ्या राहिल्या, आणि तोंड उघडं टाकून तो बुडणाऱ्या माणसासारखा हवा आत ओढू लागला. पंखा फिरून पलीकडे गेला, तो सैल पडला. पंखा फिरून परत आला, पुन्हा तेच.

वारा तिने शिकवला नव्हता. या आजारात नुसत्या वाऱ्याच्या झुळकेनेही गळा आवळतो, हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, मजा येणार नाही, म्हणून तिने ते मुद्दाम वगळलं होतं. व्याख्यानातही ते कधी नसायचं.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती धावली.

"पंखा बंद करा! पंखा बंद करा आधी!"

लोक आणखी हसले. बाईंनाही नाटकात घेतलंय, वा! तिने दादाच्या खांद्याला धरलं. त्याच्या डोळ्यांत कसलंही सोंग नव्हतं. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तो ओशाळल्यासारखा दिसत होता.

"धाकटे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे मी करत नाहीये."

"कळलं मला. कळलं, दादा."

"जोरदार टाळ्या!" सायरनसाहेब माइकवरून ओरडले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. महापौर उभे राहून वाजवत होते. पायऱ्यांवर फोन उंच धरलेले हात दिसत होते. धाकटी किंचाळून सांगत होती की हे खरं आहे, आणि ती जितकी किंचाळत होती तितक्या टाळ्या वाढत होत्या. इतकी वर्षं ज्या लोकांना तिने हसत हसत पटवून दिलं होतं की असं काही होत नसतं, त्यांच्यापैकी एकानेही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी तरी का ठेवावा?

परिचारिका मात्र हसायची थांबली होती. तिने दादाच्या मानेवर हात ठेवला, धाकटीकडे पाहिलं आणि काही न विचारता पंख्याची पिन भिंतीतून उपटली. दोघींनी मिळून त्याला दाराबाहेर नेलं.

"कुठं न्यायचं?" रुग्णवाहिकेचा चालक म्हणाला. "मला फाटकापर्यंतच सांगितलंय. तिथून वळून परत."

"हॉस्पिटलला न्या. खऱ्या हॉस्पिटलला," परिचारिका म्हणाली. वहिनी चप्पल हातात घेऊन धावत येत होती.

गाडीच्या काचा बंद केल्या. दादा आता शांत होता, नेहमीसारखा, घाम पुसत होता. हा आजार असाच छळतो. मधूनमधून माणूस जसाच्या तसा परत देतो. धाकटीने त्याचं लाल झालेलं मनगट हातात घेतलं.

"दादा, ती गाय. गोठ्यातली. हात घातलास तेव्हा बोटं कापलेली होती?"

"माझी बोटं कधी कापलेली नसतात?" तो म्हणाला. मग त्याला उमगलं. तिची सगळी व्याख्यानं त्याने ऐकलेली होती. शेवटचं चित्र त्यालाही पाठ होतं. "पण ती चावली नव्हती गं. आणि मी सांगितलं होतं की तुला सगळं. तू किती हसली होतीस!"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तेवढंच आठवत होतं. टोमणा असता तर तिने सहन केला असता.

हॉस्पिटलात त्याला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. पडदे ओढले, पंखा बंद केला, नळाच्या तोंडाला टॉवेल गुंडाळला. वॉर्डचे डॉक्टर शहाणे गृहस्थ होते. त्यांनी धाकटीला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुम्ही यातल्या जाणकार. काय करू या?"

आयुष्यभर तिला कोणीतरी हे विचारावं असं वाटत आलं होतं.

"झोपेची औषधं द्या," ती म्हणाली. "त्याला त्रास होऊ देऊ नका." थोड्या वेळाने म्हणाली, "कुठे कुठे वेगळे उपचार करून पाहिलेत. जगभरात बोटावर मोजण्याइतके वाचलेत. तेही करून बघा. सगळंच करून बघा."

डॉक्टरांनी मान हलवली. दोघांनाही माहीत होतं की दोघांनाही माहीत आहे.

मानेवरच्या कातडीचा नखाएवढा तुकडा तपासायला गेला तो तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्याच टेबलावर. सहकारी म्हणाला, "तुम्ही बसू नका, मी पाहतो." ती बसलीच. सूक्ष्मदर्शकाखाली अंधारात हिरवे ठिपके चमकत होते, कच्च्या सफरचंदाच्या रंगाचे. पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूत हजारदा पाहिलेला रंग. तिचं काम चोख होतं, याबद्दल कधीच कोणाची तक्रार नव्हती. तिने अहवालावर सही करायला पेन घेतलं आणि सहकाऱ्याने ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं.

ती परत आली तेव्हा हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर दादाजवळ आलेले सगळे रांगेत बसून लस टोचून घेत होते. वहिनी, छकुली, परिचारिका, रुग्णवाहिकेचा चालकसुद्धा. खबरदारी म्हणून. दादाने आदल्या दिवशी छकुलीच्या बशीतलं बिस्किट अर्धं खाऊन उरलेलं तिला दिलं होतं, वहिनीने त्याचा घामेजलेला, लाळेने भरलेला चेहरा पुसला होता. छकुलीने दंड धरून विचारलं, "आत्या, बाबाला कधी टोचणार?"

वहिनीने धाकटीकडे पाहिलं. तिलाही हेच विचारायचं होतं.

"त्याला आता उपयोग नाही," धाकटी म्हणाली. "गाईच्या वेळी लगेच द्यायला हवी होती. तेव्हा दिली असती तर नक्की..." ती जिन्याच्या पायरीवरच बसली.

वहिनीने छकुलीच्या दंडावरचा कापूस नीट दाबला. "तू घरात असताना," एवढंच ती म्हणाली. "तू आमच्या घरात असताना, धाकटे."

दुपारपर्यंत ती चित्रफीत सगळ्या शहराने पाहिली होती. आधी नावाजली गेली. काय नट आहे, वा! मग कोणीतरी बातमी फोडली की तो नट हॉस्पिटलात आहे, आणि एकच पळापळ झाली. खेळघरातल्या पोरांचे आईबाप हॉस्पिटलच्या फाटकावर धडकले. कोणी म्हणे साथ सुरू झाली, कोणी म्हणे पाण्यातून पसरते, कोणी म्हणे तो दोघांना चावला. दुकानांची दारं खाली ओढली गेली. सायरनसाहेबांच्या तालमीला आली नव्हती इतकी माणसं आता खऱ्या भीतीने रस्त्यावर आली होती, आणि साहेब घामाघूम होऊन जिन्यावर धाकटीसमोर उभे होते.

"बाई, मला लाज वाटते विचारायला. पण बाहेर चेंगराचेंगरी होईल. तुम्ही दोन मिनिटं या. तुमचं नेहमीचं शेवटचं वाक्य आहे ना, तेवढंच बोला. लोक तुमचं ऐकतात."

"सकाळी ऐकलं नाही."

"आता ऐकतील."

ती उठली, जिना उतरून फाटकापाशी गेली, माइक हातात घेतला. गर्दी गप्प झाली. समोर तेच चेहरे होते, सभागृहातले, शाळांमधले, ग्रंथालयातले. तिने चष्मा वर सरकवला. बंद गल्ली एवढे दोन शब्द तिच्या तोंडापर्यंत आले. ते वाक्य खरं होतं. त्यातला शब्द न्‌ शब्द शास्त्राच्या कसोटीला उतरलेला होता, आणि ते बोललं की ही सगळी माणसं निवांत घरी जाणार होती. तिने माइक साहेबांच्या हातात दिला आणि मागे वळली.

साहेबच मग काहीबाही बोलले. वरच्या मजल्यावर त्यांचा आवाज तुकड्या-तुकड्याने येत होता.

खोलीच्या दाराशी वहिनी उभी होती. "जागे झालेत," ती म्हणाली. "तुझं नाव घेताहेत. डॉक्टर म्हणाले, आता पुढचं औषध देतील, मग बहुतेक..." तिने दार उघडून धरलं. धाकटी आत जाताना वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

खोलीत उकडत होतं. दादाचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधले होते, झटक्यात स्वतःला लागू नये म्हणून. ओठांना पापुद्रे आले होते. कोपऱ्यातून गळणारी लाळ ती पुसायला गेली तसा त्याने चेहरा फिरवला. "हातमोजे घाल," तो म्हणाला. तिने घातले. लस तिने केव्हाच घेतलेली होती, तरी घातले.

ती बसली. तिला काहीतरी करायचं होतं. लहानपणी तिने तोंड घट्ट मिटलं की हा मांजर व्हायचा, गाढव व्हायचा. तिला मांजर व्हावंसं वाटलं. तिला एकही आवाज काढता येत नव्हता. तिला फक्त आजार सांगता येत होते.

"छकुलीला?" त्याने विचारलं.

"दिली लस. तिला काही होणार नाही. वहिनीलाही नाही."

"मी तिचं बिस्किट..."

"काही होणार नाही, दादा. शपथ."

खालून गर्दीचा गलका आला. त्याने कान दिला. "इतके लोक? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

"घाबरलेत?"

"हो."

तो हसला असावा. गालाचा एक स्नायू हलला. मग त्याने डोळे मिटले, आणि तिला वाटलं, गेला पुन्हा आत. पण त्याने मान थोडी खाली घेतली, खांदे बारीक केले, आणि तिच्या लक्षात आलं की तो टोपी घालतो आहे. नसलेली टोपी. मागच्या रांगेतून उठणारा तो घाबरट माणूस, शब्दाशब्दाला धाप लागलेला, पण आवाज अगदी तोच.

"अहो बाई... मग साथ येणार का?"

तिने मान हलवली. नाही, हे नको.

"नाही, म्हणजे..." गळ्याने पुन्हा एकदा उसळी खाल्ली. तो थांबला, वाट पाहिली, वाक्य पुरं केलं. "आम्ही झोपायचं की नाही?"

तो तिच्याकडे बघत होता. धीर देत असल्यासारखा. व्याख्यानात ती अडखळली की मागच्या रांगेतून तो असाच पाहायचा. दारात वहिनी उभी होती, खाली शहर उभं होतं, आणि सगळ्यांनाच उत्तर हवं होतं.

"निवांत झोपा," धाकटी म्हणाली. आवाज फुटत होता, तरी ती बोलत राहिली. "माणूस ही या विषाणूसाठी बंद गल्ली आहे. आत शिरतो, पण पुढे रस्ता नाही. माणसाकडून माणसाला तो जवळपास जातच नाही. हा आजार..."

दादाने ओठ हलवून पुढचा शब्द दिला.

"हा आजार त्या एका माणसापाशी संपतो."

त्याने हुश्श केलं. मग त्याचा उजवा हात पट्टीला ओढ देत हलला, आणि लांब, सडपातळ बोटं पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटली. एकदा. मग पुन्हा. धाकटीला आधी वाटलं झटका येतोय, आणि ती डॉक्टरांना हाक मारायला उठली. मग तिला कळलं. तो टाळी वाजवत होता.